२५ मार्चचा कण

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं ॲबर्डीन म्हणजे उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींचा उंबरठा. तिथल्या विमानतळावर हेलिकॉप्टरांची वर्दळ आपल्याकडच्या एसटी स्थानकासारखी असते. कामगारांची एक तुकडी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मकडे निघते, तिथे काही आठवडे काढलेली दुसरी तुकडी घराच्या ओढीनं परत येते. जुहूच्या तळावरून मुंबई हायला ये-जा करणाऱ्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. २५ मार्च २००९ रोजी या ताफ्यातल्या एका सुपर प्युमा हेलिकॉप्टरची देखभाल चालू असताना मुख्य गिअरबॉक्समधल्या चुंबकी चिप डिटेक्टरवर धातूचा एक कण चिकटलेला सापडला. बोटाच्या पेरावर सहज मावेल एवढा. कण पुसून, जपून ठेवला गेला. फ्रान्समधल्या उत्पादकाशी फोन झाले, ईमेल झाले, काही तपासण्या झाल्या आणि हेलिकॉप्टर पुन्हा उडू लागलं.

त्यानंतर ते ३६ तास उडलं.

तो कण काय सांगत होता, आणि त्याच यंत्राचं सांगणं टिपणारी बाकीची साधनं त्या ३६ तासांत गप्प का राहिली, याचा शोध घेताना मला बरंच मागे जावं लागलं. यंत्र बिघडण्याआधीच त्याचं दुखणं ओळखायचं, आणि त्यासाठी एकाच्या नव्हे तर अनेक साक्षीदारांच्या जबान्या एकत्र वाचायच्या, हा प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. त्याची सगळ्यात मोठी किंमत उत्तर समुद्रावर मोजली गेली.

मोडण्याआधी यंत्र काहीतरी बोलतं, हे कारखान्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. बेअरिंगच्या घरावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाशी धरणारा फिटर इचलकरंजीच्या माग-खात्यात जसा भेटतो, तसाच ग्लासगोच्या गोदीतही भेटत असे. पण तो कान निवृत्त झाला की त्याचं शहाणपण त्याच्याबरोबर घरी जातं. ते कागदावर उतरवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत झाला, आणि यात नवल नाही. टर्बाइन फुटलं की पैसे विमा कंपनीलाच मोजावे लागत. या कंपनीत यंत्रांची जोखीम पाहणाऱ्या टी. सी. रॅथबोन या अभियंत्यानं १९३९ साली ‘पॉवर प्लँट इंजिनीअरिंग’ मासिकात कंपनाच्या सहनमर्यादेवर लेख लिहिला. सोबत एक आलेख दिला. यंत्र किती वेगानं आणि किती हलतंय हे मोजा, आलेखावर टिंब टाका, आणि ते कुठल्या पट्ट्यात पडतं ते पाहा. एका टोकाला ‘अगदी गुळगुळीत’, दुसऱ्या टोकाला ‘चालवू नये इतकं खडबडीत’. अनुभवी माणसाच्या चेहऱ्यावरची आठी रॅथबोननं आकड्यांत बसवली. आज कंपनांसाठी जी आंतरराष्ट्रीय मानकं वापरतात, त्यांच्या वंशावळीत तो आलेख आहे.

दुसरी परंपरा तेलातून आली. रॉकी पर्वतांतून धावणाऱ्या ‘डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्न’ या रेल्वेनं वाफेची इंजिनं काढून डिझेलची आणायला सुरुवात केली होती. नवी इंजिनं महाग, घाट अवघड, आणि इंजिन खोलून पाहायचं तर गाडी दिवसेंदिवस उभी. १९४६ च्या सुमारास या रेल्वेच्या प्रयोगशाळेनं वापरलेल्या इंजिन ऑइलचे नमुने स्पेक्ट्रोग्राफखाली घालायला सुरुवात केली. तेलाचा थेंब ठिणगीत जळतो तेव्हा त्यातला प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या रेषांचा प्रकाश देतो. लोखंड वाढलं तर सिलिंडर झिजतोय, तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ आत येतेय. इंजिनाचा एक नटही न उघडता आतली झीज कळू लागली. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे, की वर्षानुवर्षं घाण समजून ओतून दिलेल्या काळ्या तेलात इंजिनाची रोजनिशी लिहिलेली होती आणि ती वाचण्याची बुद्धी एका रेल्वेच्या रसायनशाळेला झाली. १९५५ मध्ये अमेरिकी नौदलानं हीच पद्धत विमानांच्या इंजिनांसाठी उचलली.

पण स्पेक्ट्रोग्राफची नजर बारीक आहे, इतकी की मोठं ते तिला दिसत नाही. काही मायक्रॉनपर्यंतचे कण जळून प्रकाश देतात. त्याहून मोठी खपली नीट जळत नाही आणि हिशेबातून निसटते. नेमक्या अशा खपल्या बेअरिंग किंवा दाता उखडू लागल्यावर पडतात. त्यांच्यासाठी जुना, साधा उपाय होता तो चुंबकाचा. तेलाच्या वाटेत चुंबकी बूच ठेवायचं आणि अधूनमधून काढून पाहायचं; पुढे त्यालाच तारा जोडून चिप डिटेक्टर झाला, कण चिकटला की वैमानिकासमोर दिवा लागावा म्हणून. या दोघांच्या मधली फट सत्तरच्या दशकात व्हर्नन वेस्टकॉट आणि डब्ल्यू. डब्ल्यू. सायफर्ट यांच्या फेरोग्राफीनं भरली. तिरप्या काचपट्टीखाली चुंबक ठेवून वरून तेल ओघळू द्यायचं. कण आकारानुसार रांगेत बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे चेहरे दिसतात. साध्या घासण्यातून आलेले पातळ पापुद्रे, लेथवरच्या किसासारखी वळलेली वेटोळी, थकलेल्या बेअरिंगमधून आलेले इवलेसे गोळे. कणांच्या आकड्यावरून झीज किती ते कळतं, कणांच्या रूपावरून झीज कशी ते कळतं.

म्हणजे तेलाच्याच तीन चाळण्या झाल्या, तीन वेगळ्या मापांच्या. कंपन ही चौथी, तिचा तर तेलाशी संबंधच नाही. एव्हाना कारखान्यांत, जहाजांवर आणि विमानतळांवर ही साधनं नांदू लागली होती, पण प्रत्येकाचं खातं वेगळं होतं. तेलाचा अहवाल प्रयोगशाळेतून टपालानं येई, कंपनाचा आलेख दुसऱ्याच टेबलावर असे, चुंबकी बुचावरचा कण तंत्रज्ञाच्या पुडीत. या तिघांना एका टेबलावर बसवायचं काम बराच काळ कुणाचंच नव्हतं.

हेलिकॉप्टरला हा प्रश्न इतका का झोंबतो, हे समजायला त्याच्या पोटात डोकावायला हवं. सुपर प्युमाच्या इंजिनाची टर्बाइन मिनिटाला सुमारे २३,००० फेरे घेते आणि डोक्यावरचा रोटर सुमारे २६५. हा वेग उतरवण्याचं काम मुख्य गिअरबॉक्स करतो, आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यांत मधल्या सूर्यचक्राभोवती छोटी ग्रहचक्रं फिरतात. विमानाला दोन-दोन, चार-चार इंजिनं असतात. हेलिकॉप्टरलाही दोन इंजिनं असतात, पण मुख्य गिअरबॉक्स एकच. त्याला पर्याय नाही, जोडीदार नाही. तो तुटला तर वैमानिकाच्या हातात काही उरत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलाचं एक वेसेक्स हेलिकॉप्टर बास सामुद्रधुनीत कोसळलं. गिअरबॉक्समधलं एक दातेरी चक्र भेगाळून फुटलं होतं. या अपघाताला एक वेगळंच दुःखद वैशिष्ट्य आहे. त्या गिअरबॉक्सच्या कंपनांची नोंद अपघातापूर्वीच घेतलेली होती, फक्त त्या टेपवरून भेग वाचायची युक्ती त्या वेळी हातात नव्हती. मेलबर्नच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या पी. डी. मॅकफॅडन यांनी नंतर तीच नोंद घेतली. चक्राच्या प्रत्येक फेरीची कंपनं एकावर एक ठेवून सरासरी काढली, म्हणजे बाकीचा गोंगाट विरून त्या एका चक्राचा ठेका उरला. मग त्या ठेक्यातला चढउतार आणि कला (फेज) वेगळी करून पाहिली. भेगाळलेल्या दात्यापाशी खूण स्पष्ट उमटली होती. साक्ष दप्तरात होती, तिची भाषा कळायला माणसं जावी लागली.

तीन वर्षांनी, ६ नोव्हेंबर १९८६ रोजी, शेटलंडच्या सम्बरा विमानतळापासून हाकेच्या अंतरावर त्याहून मोठा घाला पडला. ब्रेंट तेलक्षेत्रातून ४४ प्रवासी आणि ३ कर्मचारी घेऊन परतणारं चिनूक हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. चिनूकला पुढे आणि मागे असे दोन रोटर असतात, त्यांची पाती एकमेकांच्या वाटेत फिरतात, आणि ती एकमेकांना लागू नयेत म्हणून दोन्ही रोटर यंत्रणेनं एका ठेक्यात बांधलेले असतात. पुढच्या गिअरबॉक्समधलं, सुधारित रचनेचं एक दातेरी कडं थकून फुटलं, ठेका चुकला, पाती पात्यांवर आपटली. ४५ माणसं गेली. वाचलेल्या दोघांपैकी एक हेलिकॉप्टरचा कप्तान, जो त्याआधी भारतीय हवाई दलात वैमानिक होता.

ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणानं नेमलेल्या समितीनं १९८४ मध्येच हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सवर सतत पहारा हवा असं सांगून ठेवलं होतं. चिनूकनंतर त्या सांगण्याला धार आली. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या आसपास ध्वनी आणि कंपनांचा अभ्यास करणारी मंडळी, तेलकंपन्या, हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपन्या असे सगळे कामाला लागले आणि १९९१ मध्ये उत्तर समुद्रावर पहिल्या यंत्रणा उडू लागल्या. हेल्थ अँड युसेज मॉनिटरिंग सिस्टिम, तोंडी भाषेत ‘हम्स’. गिअरबॉक्सच्या कवचावर ठिकठिकाणी कंपनमापक, प्रत्येक शाफ्ट, चक्र, बेअरिंगसाठी वेगवेगळे निर्देशक, आणि उड्डाणानंतर जमिनीवरच्या संगणकात उतरवायची माहिती. १९९९ पासून ब्रिटनमध्ये मोठ्या प्रवासी हेलिकॉप्टरांवर ती सक्तीची झाली. या यंत्रणेनं आजवर किती अपघात होऊ दिले नाहीत, ते मोजता येत नाही, कारण न झालेल्या अपघाताचा अहवाल निघत नाही. पण हे काम मोठं होतं आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अडचण निराळीच निघाली. आकडे उदंड झाले. एकेका हेलिकॉप्टरमागे शेकडो निर्देशक, प्रत्येकाला मर्यादा, आणि मर्यादा थोडी खाली ठेवली तर रोज खोटी हाकाटी, थोडी वर ठेवली तर खरी हाक दबायची. रोज ‘लांडगा आला’ ऐकणाऱ्या गावासारखी तंत्रज्ञांची गत होण्याची भीती होती. शिवाय एकेका निर्देशकाला आपापला आंधळा कोपरा असतो. साउदॅम्प्टनच्या आर. एम. स्टुअर्ट यांनी १९७७ मध्ये मांडलेला ‘एफएम४’ हा निर्देशक घ्या. चक्राच्या एका फेरीच्या कंपनातून दात्यांचा नेहमीचा ठेका वजा केला की उरतं ते अनपेक्षित. उरलेल्यात एखादा उंच काटा दिसला तर एखादा दाता दुखावलाय. एका दात्याची दुखापत हा आकडा सुरेख पकडतो. पण खराबी पसरत दहा दात्यांवर गेली की काटे सगळीकडेच उगवतात, एकच एक उठून दिसत नाही, आणि आकडा पुन्हा खाली येतो. दुखणं वाढतंय आणि तापमापक उतरतोय, अशी स्थिती. त्यावर नासामधल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात ‘एनए४’ हा दुसरा निर्देशक काढला, जो पसरत्या खराबीबरोबर चढत राहावा.

क्लीव्हलंडच्या नासा ग्लेन केंद्रात याच प्रश्नाला सरळ हात घातला गेला, आणि या इतिहासातला मला सगळ्यात शांतपणे केलेला वाटणारा प्रयोग तो आहे. पॉला डेम्प्सी आणि सहकाऱ्यांनी चाचणीच्या यंत्रावर दातेरी चक्रांच्या जोड्या मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी, त्या खरोखर खराब होईपर्यंत पळवल्या. एकीकडे कंपनाचे एफएम४ आणि एनए४ हे निर्देशक, दुसरीकडे तेलाच्या नळीत बसवलेला, वाहून येणाऱ्या धातूच्या चुऱ्याचं वजन जमा करत जाणारा संवेदक. अधूनमधून दाते प्रत्यक्ष पाहायचे, छायाचित्र घ्यायचं, आणि खड्डे पडायला लागले त्या क्षणी कोणता आकडा काय म्हणत होता ते ताडून पाहायचं. चुऱ्याचं वजन प्रामाणिक होतं, कधी उतरत नसे, पण कुठल्या चक्राचा चुरा ते सांगू शकत नसे. कंपन जागा दाखवी, पण वेग आणि भार बदलला की बिचकत असे. मग दोघांच्या जबान्या फझी लॉजिकच्या नियमांनी एकत्र केल्या. ‘चुरा थोडा, पण कंपन बरंच’, ‘चुरा बराच, कंपन मध्यम’ अशा प्रत्येक जोडीला अनुभवी माणूस जो अर्थ लावेल तो नियमात लिहिला, आणि शेवटी तीनच निकाल ठेवले. ठीक आहे, तपासा, थांबवा. २००२ आणि २००३ च्या त्यांच्या अहवालांत निष्कर्ष स्पष्ट आहे. दोन्ही साधनं एकत्र वाचली तेव्हा खराबी एकट्या-दुकट्या साधनापेक्षा अधिक खात्रीनं कळली.

इथे गणिताच्या एका शाखेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आर्थर डेम्प्स्टर यांनी १९६७ मध्ये आणि ग्लेन शेफर यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात पुराव्यांची बेरीज कशी करावी याचा एक सिद्धान्त मांडला. नेहमीच्या संभाव्यतेत ‘बिघाड आहे’ला ३० टक्के दिले की ‘बिघाड नाही’ला आपोआप ७० जातात. डेम्प्स्टर-शेफर यांच्या हिशेबात तिसरा रकाना आहे, ‘मला माहीत नाही’चा. साक्षीदारानं ३० टक्के ‘आहे’ म्हटलं आणि बाकी त्याला दिसलंच नाही, तर ते ७० टक्के ‘माहीत नाही’त पडतात, ‘नाही’त नव्हे. यंत्रांच्या निदानात हा सिद्धान्त पुढे बराच वापरला गेला. तो रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि का, ते १ एप्रिल २००९ ला दिसतं.

सुपर प्युमाच्या ग्रहचक्राची रचना अशी की चक्राची आतली बाजू हीच त्याच्या बेअरिंगची बाहेरची कड. दाते आणि बेअरिंग एकाच तुकड्यात. बेअरिंगच्या कडेवरून खपली निघाली आणि तिथून भेग आत शिरली तर ती थेट दात्यांच्या दिशेनं जाते. शिवाय ही चक्रं स्वतःभोवती फिरता फिरता सूर्यचक्राभोवतीही फिरतात, तर कंपनमापक मात्र बाहेरच्या कवचावर एका जागी. भेगेचा आवाज कवचापर्यंत पोहोचताना वाट सतत बदलते, आणि वाटेत बाकीच्या सगळ्या चक्रांचा कल्ला असतो. या भागावर कंपनाची नजर मुळातच अधू होती. म्हणून इथे भरवसा होता तो चुऱ्यावर.

आणि चुऱ्याच्या वाटेत एक अडसर होता. वरच्या भागातला धातू खाली पडून बाकीचा गिअरबॉक्स खराब करू नये, या चांगल्या हेतूनं ग्रहचक्रांच्या खालच्या तबकडीवर चुंबकांचं कडं बसवलेलं होतं. ते आपलं काम चोख करत असे. पण त्यामुळे खाली बसवलेल्या डिटेक्टरपर्यंत पोहोचणारा चुरा कमी झाला. पहारेकऱ्याकडे जाणारा निरोप वाटेतच अडवला जात होता. ते कडं पाहायचं तर वरचा भाग उघडावा लागतो. २५ मार्चच्या कणानंतर नेमकं हेच करायला हवं होतं. ब्रिटिश अपघात अन्वेषण शाखेच्या अहवालात नोंद आहे की हेलिकॉप्टर चालवणारी कंपनी आणि उत्पादक यांच्यातल्या फोन-ईमेलच्या बोलण्यात गैरसमज झाला आणि ते कडं उघडून पाहिलं गेलं नाही. कुणी निष्काळजीपणानं हात झटकले, असं त्या अहवालातून मला वाटत नाही. माणसं विचारत होती, उत्तरं देत होती, फक्त दोन टोकांना दोन वेगळी चित्रं होती आणि दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपण एकाच चित्राबद्दल बोलतोय.

त्यानंतरच्या उड्डाणांत उपलब्ध साधनांनी चक्राच्या ढासळण्याची आणखी कुठलीच खूण दिली नाही. ना नवा कण, ना कंपनांत काही. एका साक्षीदारानं एकदाच तोंड उघडलं आणि बाकीचे गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला ‘बरं आहे’ समजायचं की ‘माहीत नाही’, हा प्रश्न कुठल्याच तपासयादीत लिहिलेला नव्हता.

१ एप्रिलला दुपारी ते हेलिकॉप्टर मिलर प्लॅटफॉर्मवरून १४ प्रवासी आणि २ वैमानिक घेऊन ॲबर्डीनकडे निघालं. हवा चांगली होती, उंची सुमारे २,००० फूट. नेहमीची खबर रेडिओवर दिल्यावर थोड्याच सेकंदांत गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब गेला, एक तुटक ‘मेडे’ ऐकू आलं. दुसऱ्या टप्प्यातलं एक ग्रहचक्र भेगेनं फुटलं होतं, त्याच्या तुकड्यांनी गिअरबॉक्स फोडला, रोटर सुटला. पीटरहेडपासून ११ सागरी मैलांवर सगळे १६ जण गेले. तपासात तो जपून ठेवलेला कण फुटलेल्या चक्राशी ताडून पाहिला गेला. तो त्याच चक्राच्या बेअरिंगच्या कडेवरून निघालेला होता.

पुढची गोष्ट सरळ रेषेत चालत नाही. २०१२ मध्ये याच कुळातल्या ईसी२२५ प्रकारची दोन हेलिकॉप्टरं समुद्रावर उतरवावी लागली. १० मेला एक, १४ माणसांसह, आणि २२ ऑक्टोबरला दुसरं, १९ माणसांसह. दोन्हींत गिअरबॉक्सचा उभा शाफ्ट वेल्डजवळ भेगाळून गेला आणि त्यावर चालणारे तेलाचे पंप बंद पडले. इथे कंपनानं आपलं काम केलं होतं. त्या शाफ्टशी निगडित हम्सचा निर्देशक दोन्ही वेळा चढत गेला होता, आणि पुढे त्याच निर्देशकाच्या मर्यादा कडक करून, तो वारंवार पाहून ही हेलिकॉप्टरं पुन्हा उडवली गेली. त्या दोन दिवसांत फसवलं ते वेगळ्याच साधनानं. तेलाचा दाब गेल्यावर वैमानिकांनी आणीबाणीची वंगणव्यवस्था सुरू केली, ती व्यवस्थित चाललीही, पण दाबाचा स्विच तिच्याशी जुळत नसल्यामुळे ती निकामी झाल्याचा दिवा लागला. दिव्यावर विश्वास ठेवून वैमानिकांनी ताबडतोब पाण्यावर उतरायचं ठरवलं. त्यांनी ठरवलं ते समोरच्या पुराव्यावर बरोबरच होतं, आणि दोन्ही वेळा सगळी माणसं जिवंत परत आली. खरं बोलणारा साक्षीदार जमिनीवरच्या संगणकात होता. वैमानिकासमोरचा खोटं बोलत होता.

२९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत मात्र कुणीच बोललं नाही. गुलफाक्स बी प्लॅटफॉर्मवरून ११ प्रवासी आणि २ वैमानिकांना घेऊन बर्गनकडे येणाऱ्या ईसी२२५ चा रोटर तुरॉय बेटाजवळ हवेतच सुटला. सगळे १३ जण गेले. पुन्हा दुसऱ्या टप्प्यातलंच ग्रहचक्र, आठांपैकी एक. २००९ नंतर युरोपभर या प्रश्नावर संशोधन झालं होतं, ब्रिटनमध्ये गिअरबॉक्सच्या आतच, फिरत्या भागावर संवेदक बसवून पाहण्यापर्यंत मजल गेली होती. तरीही या वेळी चुंबकावर कण नाही, हम्समध्ये खूण नाही. नॉर्वेच्या अपघात तपास मंडळाच्या जुलै २०१८ च्या अहवालात कारण दिलं आहे. भेग बेअरिंगच्या कडेवरच्या अतिसूक्ष्म खड्ड्यातून सुरू झाली आणि पृष्ठभागाखालून आत वाढत गेली, खपल्या फारशा न पाडता. चुऱ्याची वाट पाहणाऱ्या साधनांना खायला चुराच मिळाला नाही, आणि कंपनाचा या जागेपुरता कान आधीपासूनच अधू. तो गिअरबॉक्स आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात ट्रकच्या अपघातात सापडून दुरुस्त होऊन आला होता, पण त्या धक्क्याचा आणि भेगेचा संबंध तपासाला सिद्ध करता आला नाही.

वेगवेगळी साधनं जोडायची ती एवढ्याचसाठी, की त्यांचे आंधळे कोपरे वेगवेगळ्या जागी असावेत. तुरॉयच्या त्या चक्रापुरते दोघांचे आंधळे कोपरे एकमेकांवर तंतोतंत येऊन बसले होते. दोन शून्यांची बेरीज कुठल्याही फझी नियमानं वाढत नाही. तपास मंडळानं म्हणून केवळ निगराणी वाढवा असं सांगून थांबणं पत्करलं नाही. गिअरबॉक्सची रचनाच अशी हवी की एका भागाच्या फुटण्यानं सगळं जाऊ नये, हा प्रश्न त्यानं प्रमाणपत्रं देणाऱ्यांपुढे ठेवला. उत्तर समुद्रावरच्या प्रवासी वाहतुकीत हे हेलिकॉप्टर पुन्हा रुजलं नाही.

तुरॉयच्या किनाऱ्याजवळ पाणबुडे बराच काळ समुद्रतळ धुंडाळत होते. रोटर उडत जाऊन शेजारच्या बेटावर पडला होता, पण फुटलेल्या चक्राचे तुकडे पाण्यात विखुरले होते, आणि ते हाती आल्याशिवाय भेग कुठून सुरू झाली हे कळणार नव्हतं. त्यासाठी खास एक घसरगाडी बनवली आणि तिला चुंबक लावले. ती तळाच्या चिखलावरून पुन्हा पुन्हा ओढली, आणि वर काढून चुंबकांवर काय चिकटलंय ते माणसं एक-एक करून पाहत राहिली.